कातडीतून ‘दहा टक्के’, पण कुठल्या कातडीतून?

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेली बहुतेक पत्रे फवारणीसंबंधी आहेत, आणि हंगाम पाहता ते स्वाभाविकच आहे. त्यांतली चार येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराने बरीच जागा खाल्ली आहे. पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिली असल्यामुळे ते टाळता आले नाही.

प्रश्न : सादर नमस्कार. माझ्याकडे सात एकर कोरडवाहू वावर आहे; पऱ्हाटी आणि तूर घेतो. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळतो आणि दोन-तीन टाक्या मारून झाल्या की सदरा पाठीला चिकटतो. कृषी केंद्रात विचारले तेव्हा सांगण्यात आले की औषध कातडीतून फार तर दहा टक्के आत जाते, बाकीचे आंघोळीत धुऊन निघते. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे हा दिलासा पटत नाही. हे टक्के कोण आणि कसे मोजते, आणि ते आमच्या पाठीला लागू होतात का?
— एक शेतकरी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ‘कसे मोजतात’ हा भाग आधी घेतो, कारण तो कळला की त्या दहा टक्क्यांवर किती विसंबायचे हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

बाहेरचा पदार्थ आत जाऊ नये म्हणून त्वचेजवळ असलेला खरा अडसर म्हणजे तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. अंगाच्या बहुतेक भागांवर हा थर १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्याही साधारण सहाव्या हिश्श्याइतका असतो. तळहात आणि तळपायांवर तो कितीतरी जाड असतो. चपट्या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. पाण्यात विरघळणाऱ्या मिठाला या स्निग्ध सांध्यांतून वाट मिळत नाही. मात्र ज्याचे रेणू लहान आहेत आणि जो तेलात बऱ्यापैकी विरघळतो, असा पदार्थ त्यांतून हळूहळू झिरपतो. रेणुभार ५०० च्या वर गेला की हे झिरपणे फार मंदावते, असा एक ढोबळ ठोकताळा संशोधकांनी २००० साली मांडला. आपल्याकडे कपाशीवर वर्षानुवर्षे मारली गेलेली औषधे या मापाने पाहा : मोनोक्रोटोफॉसचा रेणुभार सुमारे २२३, क्लोरपायरिफॉसचा ३५१, प्रोफेनोफॉसचा ३७४. तिन्ही त्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत.

मोजणीची सर्वांत रूढ पद्धत प्रयोगशाळेतली आहे. थॉमस फ्रान्झ या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून त्या उपकरणाला फ्रान्झ सेल हे नाव पडले. वर एक आणि खाली एक अशा दोन लहान काचेच्या कुप्या असतात आणि त्यांच्या मध्ये, हंडीच्या तोंडाला फडके ताणून बांधावे तसा, मानवी कातडीचा पातळ तुकडा बसवलेला असतो. ही कातडी पोटावरील शस्त्रक्रियेत काढून टाकलेली किंवा मृतदेहाची असते. खालच्या कुपीत रक्ताच्या जागी एक द्रव सतत ढवळत ठेवतात आणि कातडीचे तापमान ३२ अंश सेल्सिअस राखतात, कारण जिवंत माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग साधारण तेवढा उबदार असतो. वरून औषधाची ठरावीक मात्रा लावायची आणि चोवीस तास ठरावीक अंतराने खालच्या द्रवाचा नमुना काढून त्यात किती औषध उतरले ते पाहायचे, असा हा प्रयोग आहे. शेवटी कातडी धुतात, तिच्या वरच्या थराचे पापुद्रे चिकटपट्टी लावून एकामागून एक उपटतात, आणि धुण्याच्या पाण्यात किती, पट्ट्यांवर किती, उरलेल्या कातडीत किती व खालच्या द्रवात किती, या सगळ्याची बेरीज लावलेल्या मात्रेशी जुळते की नाही याचा काटेकोर हिशेब करतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००४ मध्ये या पद्धतीला प्रमाणित चाचणीचा दर्जा दिला आणि तिला ४२८ हा क्रमांक आहे. त्याच वर्षीची ४२७ क्रमांकाची चाचणी जिवंत प्राण्यांवर, बहुधा उंदरांवर, करतात. परंतु उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा जास्त झिरपू देते, त्यामुळे तिचा आकडा माणसासाठी सहसा चढाच येतो.

या चाचणीतली एक अट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कातडीचा तुकडा बसवण्याआधी तो अखंड आहे ना, हे पाणी किंवा विजेचा अल्प प्रवाह त्यातून किती जातो यावरून तपासतात आणि चरा पडलेला तुकडा बाद करतात. भादव्यात डोक्याइतक्या उंच पऱ्हाटीतून दिवसभर हिंडलेल्या माणसाच्या हातापायांची कातडी या परीक्षेत उतरली नसती. शिवाय काचेच्या कुपीत घाम नसतो, आणि उष्म्याने कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो तोही तिथे नसतो.

आता दहा टक्क्यांकडे येऊ. हा आकडा कृषी केंद्रात कुठून आला ते सांगता येणार नाही, पण तो ऐकून मला एक जुना प्रयोग आठवतो. अमेरिकेत फेल्डमन आणि मेबॅक या संशोधकांनी १९७४ मध्ये बारा कीटकनाशके व तणनाशके थेट माणसांच्या अंगावर लावून मोजणी केली होती. किरणोत्सारी कार्बनची खूण केलेले औषध, दर चौरस सेंटिमीटरला ४ मायक्रोग्रॅम इतके अल्प, हाताच्या कोपराखालच्या भागावर लावले, ती जागा चोवीस तास धुऊ दिली नाही, आणि पाच दिवसांच्या लघवीत ती खूण किती उतरते ते पाहिले. पॅराथिऑन सुमारे १० टक्के आत गेले, मॅलाथिऑन ८ टक्के, डायक्वाट हे तणनाशक अर्धा टक्काही नाही, तर कार्बारिल ७० टक्क्यांहून अधिक. म्हणजे औषध बदलले की आकडा शेकडो पटींनी बदलतो.

त्याच गटाने त्याआधी, १९७१ मध्ये, पॅराथिऑन हे एकच औषध शरीराच्या निरनिराळ्या जागी लावून पाहिले होते, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. कोपराखाली सुमारे ९ टक्के, तळहातावर १२, कपाळावर ३६, काखेत ६४, आणि अंडकोशाच्या कातडीवर लावलेले जवळजवळ सगळेच आत गेले. दहा टक्के हा हाताचा आकडा आहे. आपला पंप झाकणापाशी गळतो, ते पाणी पाठीवरून कमरेला उतरते आणि करदोड्याखाली जाऊन जिथे मुरते तिथला आकडा शंभराच्या घरातला आहे. धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याला तिथे साचणारी काजळी कारणीभूत आहे, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच लिहून ठेवले होते.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेबॅक यांनी त्या दशकांत कॅलिफोर्नियातील एका तुरुंगातल्या कैद्यांवर जे प्रयोग केले, ज्यांत कीटकनाशके कातडीवर लावणे व शिरेतून टोचणे हेही होते, त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. अशा आकड्यांचा वापर करताना त्या काळी माणसांच्या संमतीची किती कमी पर्वा केली जात असे, याचे भान ठेवावे.

आणखी एक समजूत दुरुस्त करायला हवी. पाणी घातले की औषध ‘हलके’ होते हे एकूण मात्रेपुरते खरे आहे, पण टक्केवारी उलट वाढते, कारण थोडे औषध मोठ्या जागेवर पसरले की त्याचा मोठा हिस्सा आत जातो. विशिष्ट औषधाची चाचणी उपलब्ध नसेल तेव्हा कोणता आकडा धरावा, हे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये ठरवून दिले आहे : ईसी प्रकारच्या, म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेल्या औषधासाठी बाटलीतल्या मूळ द्रवाला २५ टक्के आणि पाण्यात मिसळलेल्या फवाऱ्याला ७० टक्के. हे आकडे मुद्दाम सावधपणे चढे ठेवले आहेत, प्रत्यक्ष चाचणीत अनेकदा कमी निघतात. तरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा बाटलीवर ‘५० टक्के ईसी’ लिहिले आहे आणि आपण लिटरला दोन मिलि घेतले. फवाऱ्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम विष असेल. सदऱ्यात १०० मिलि मुरले तर अंगावर १०० मिलिग्रॅम. दहा टक्क्यांनी १० मिलिग्रॅम आत, सत्तर टक्क्यांनी ७०. आणि औषध कालवताना बाटलीतले एक मिलि हातावर सांडले तर एका क्षणात ५०० मिलिग्रॅम अंगावर आले, त्याचे पंचवीस टक्के म्हणजे १२५. पाठ आणि हात यांपैकी एकाकडेही दुर्लक्ष करण्याजोगी स्थिती नाही.

‘बाकीचे आंघोळीत निघते’ हेही अर्धेच खरे आहे. वरच्या थरात मुरलेले औषध धुऊन निघत नाही आणि तिथून ते नंतरही आत उतरत राहते. फ्रान्झ सेलमध्ये पट्ट्यांनी पापुद्रे उपटून मोजतात ते हेच. म्हणून संध्याकाळच्या आंघोळीपेक्षा गळती झाल्याबरोबर सदरा काढून, साबण लावून भरपूर पाण्याने, कातडी न घासता धुणे कितीतरी जास्त उपयोगाचे आहे. धुऱ्यावर पाण्याचा एक वेगळा डबा, साबण आणि कोरडा सदरा ठेवावा. पंपाच्या झाकणाचा वायसर बदलायला फार खर्च येत नाही, आणि टाकी गळ्यापर्यंत भरली नाही तर गळती तशीही कमी होते.

प्रश्न : फवारणी झाली की दुसऱ्याच दिवशी मालक निंदणाला बोलावतात. कधी हात चुरचुरतात, तोंडावर झिणझिण्या येतात. कधी काहीच होत नाही. चुरचुर झाली त्या दिवशी औषध अंगात गेले, आणि नाही झाली त्या दिवशी नाही गेले, असे धरावे का?
— एक शेतमजूर महिला, आर्वी तालुका, जि. वर्धा (पत्र गावातील वाचनालयाच्या कार्यकर्त्याने लिहून दिले.)

उत्तर : नाही ताई, तसे धरू नका. कित्येकदा ते नेमके उलट असते. चुरचुर आणि झिणझिण्या ही बहुधा सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातील औषधांची खूण आहे. ही औषधे कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना तिथल्या तिथे चेतवतात, पण आत फार थोडी उतरतात. स्वयंसेवकांच्या कातडीवर लावलेल्या सायपरमेथ्रिनचा सुमारे एकच टक्का आत गेल्याचे आढळले होते. याउलट मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारखी फॉस्फरसयुक्त औषधे कातडीवर काहीही न जाणवता आत जातात. जाणवते ते नंतर : डोके जड होणे, दरदरून घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे, मळमळ. चुरचुर नाही म्हणून निश्चिंत राहणे यासाठीच धोक्याचे आहे.

निंदणाच्या वेळी आपल्याला कोणी फवारत नाही, तरी पानावरचे औषध अंगाला लागते, आणि तेही मोजता येते. फवारलेल्या पानांतून ठरावीक मापाच्या चकत्या कापून घेतात, साबणाच्या सौम्य पाण्यात हलवतात आणि त्या पाण्यात सुटलेले औषध मोजतात. पानाच्या आतले यात धरत नाहीत; हात लागल्यावर सुटून येईल तेवढेच धरतात. दुसरीकडे त्याच शेतात काम करणाऱ्यांना आतून सुती पेहराव देऊन काम संपल्यावर त्या कापडाचे बाही, पाठ, मांडी असे तुकडे करून प्रत्येकातले औषध तपासतात आणि हात धुतलेले पाणीही तपासतात. या दोन आकड्यांवरून तासाभराच्या कामात माणूस किती पानांवरचे औषध अंगावर घेतो ते कळते. गुडघ्याखालच्या पिकात बसून निंदणे आणि छातीएवढ्या पऱ्हाटीतून वाट काढत जाणे यांत फार तफावत असते, आणि सकाळच्या दहिवरात ओल्या पानांवरून औषध अधिक सुटते. फवारणीनंतर किती दिवस वावरात जाऊ नये हे याच मोजणीवरून ठरवतात आणि बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात छापतात. ते पत्रक दाखवा, असे मालकांना सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पत्रकात काहीच दिलेले नसेल तर निदान फवारा पूर्ण वाळून एक दिवस उलटेपर्यंत तरी आत जाऊ नये.

आपल्याकडे बाया लुगड्यावर घरातला जुना सदरा चढवून वावरात जातात. ती सवय चांगली आहे, मात्र तो सदरा रोज धुतला गेला तरच. डेन्मार्कमध्ये २०१५ च्या सुमारास प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट नावाच्या रसायनांवर एक प्रयोग झाला. हवेत ही रसायने सोडलेल्या खोलीत माणसे सहा तास बसली. काही वेळा त्यांनी डोक्यावर टोपासारखे आवरण घालून स्वच्छ हवा श्वासात घेतली, म्हणजे नाकाची वाट बंद आणि कातडीची तेवढी उघडी. उघड्या अंगातून जवळजवळ श्वासाइतकेच रसायन आत गेले. पुढे एकाने धुतलेले कपडे घातले तर ते बरेच कमी झाले, आणि आधीपासून त्याच हवेत टांगून ठेवलेले कपडे घातले तर उघड्या अंगापेक्षाही कित्येक पटींनी वाढले. तिथले रसायन वेगळे होते, परंतु कापड आधी साठवते आणि मग अंगाला देते ही रीत औषधाच्या बाबतीतही तीच आहे. न धुतलेला सदरा खुंटीवरून काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालू नये, आणि तो घरच्या, विशेषतः लेकरांच्या कपड्यांत भिजत घालू नये.

प्रश्न : आमच्या शाळेजवळच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तो लाल रंगवला आहे. पिण्यासाठी दुसरे पाणी येते, पण मुले हातपाय धुण्यासाठी हाच पंप वापरतात. कातडीतून फ्लोराइड जाईल का?
— एक शिक्षिका, पांढरकवडा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड विद्युतभारित असते आणि वर सांगितलेल्या स्निग्ध सांध्यांतून ते नगण्य जाते. हातपाय धुवायला, आंघोळीला, कपड्यांना हे पाणी खुशाल वापरावे. पिण्यात आणि स्वयंपाकात मात्र ते अजिबात नको. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून ते उलट दाट होते. खेळून आलेली मुले ओंजळीने पितात, लक्ष तिथे ठेवावे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. फवारणी करणाऱ्यांच्या रक्तात किंवा लघवीत औषध किती गेले हे कळते असे प्रशिक्षणात ऐकले. मग हंगामात एकदा सगळ्यांची तपासणी करून घेतली तर विषबाधा आधीच ओळखता येईल ना?
— एक आरोग्य कार्यकर्ती, मारेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : हंगामात ‘एकदा’ केली तर तिचा फारसा उपयोग होणार नाही. कारण सांगतो.

रक्तातली तपासणी कोलिनेस्टरेज या विकराची असते. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोचला की तो संदेश पुसण्याचे काम हा विकर करतो. फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट औषधे त्याला जखडून ठेवतात, म्हणून त्याची क्रिया किती घटली यावरून औषधाचा परिणाम कळतो. पण निरोगी माणसा-माणसांतच या विकराचे प्रमाण इतके वेगवेगळे असते की एखाद्याचा आकडा निम्म्यावर आला तरी तो ‘सामान्य’ म्हणून छापलेल्या मर्यादेत बसू शकतो. त्यामुळे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच, फवारणी सुरू होण्यापूर्वीच्या आकड्याशी करावी लागते. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी देखरेख कायद्याने चालते : आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला की कामाची पद्धत तपासतात, तांबड्या पेशींतला विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर उतरला की त्या माणसाला फवारणीवरून काढतात आणि आकडा पुन्हा ८० टक्क्यांवर गेल्याशिवाय परत घेत नाहीत. तांबड्या पेशींतला विकर दिवसाला जेमतेम एक टक्का या चालीने भरून येतो, म्हणजे लागोपाठच्या फवारण्यांत तुटीवर तूट साठत जाते. आपल्याकडे पहिला नमुना पेरणीच्या सुमारास, महिनाभर औषधाला हात लागलेला नसताना घ्यायला हवा. त्यासाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

या तपासणीची एक मर्यादाही लक्षात असू द्या. पायरेथ्रॉइड, डायफेंथियुरॉन किंवा इमिडाक्लोप्रिडच्या गटातील औषधांनी कोलिनेस्टरेज उतरत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, त्या हंगामात एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळून मारण्याचे प्रकार सर्रास झाले होते. अशा वेळी रक्ताचा आकडा चांगला आला म्हणून उलट्या करणाऱ्या माणसाला घरी पाठवू नये. लक्षणे दिसली की तपासणीची वाट न पाहता, औषधाच्या बाटलीसह रुग्णालयात पाठवावे.

लघवीत औषधाचे तुटून झालेले अंश सापडतात आणि ती तपासणी जास्त संवेदनशील आहे, परंतु वेळ चुकवून चालत नाही. १९८४ मध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या क्लोरपायरिफॉसच्या अभ्यासात या अंशाचे प्रमाण दर २७ तासांनी निम्मे होत असल्याचे दिसले. आठवडा गेला की हाती काही राहत नाही. त्याच अभ्यासात गिळलेल्या औषधापैकी सुमारे ७० टक्के आणि कातडीवर लावलेल्यापैकी तीन टक्क्यांहून कमी शरीरात गेले होते, यावरून फवारणी करता करता न धुतलेल्या हाताने तंबाखू मळणे किती महागात पडू शकते याची कल्पना यावी. लघवीतला अंश मात्र कुठल्या वाटेने आला ते सांगत नाही. कातडी, श्वास आणि तोंड या तिन्ही वाटांचा हिशेब तिथे एकत्र येतो, आणि त्या वेगळ्या करायच्या तर कपड्यांवरचे व हवेतले औषध त्याच दिवशी निराळे मोजावे लागते. अशी तपासणी सहसा संशोधन प्रकल्पांतच होते, गावपातळीवर तिची अपेक्षा ठेवू नये.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर ही तपासणी करणारे लहान संच मिळतात. ते वापरायचे असतील तर टोचण्याआधी बोट साबणाने नीट धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून घ्यावे. कातडीवर उरलेले औषध त्या थेंबात मिसळले तर ते नळीतल्या विकरालाही जखडते, आणि अंगात काहीच गेलेले नसताना माणूस बाधित दिसतो.